छंदपेटी : टेबलावरचं न्हावा शेवा

दोस्तांनो, दिवाळीत किल्ला कोणी कोणी केलाय? हात वर करा पाहू! दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकून माती लिंपायची, अळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ उगवायची आणि बाजारातून मावळे आणून पहाऱ्याला बसवायचे. हे ज्याला जमतं, त्याला आजचा छंदही जमणार. आजही आपल्याला डोंगर, झाडं आणि घरंच करायची आहेत. फरक एवढाच, की या देखाव्यातून मोटारी धावणार आहेत. त्याही खऱ्याखुऱ्या विजेवर!

आमच्या ताईचं घर उरणला आहे. तिचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेराव, नववीत. त्याच्या बाबांचे एक मित्र जहाजावर नोकरीला आहेत. त्यांनी परदेशातून येताना त्याच्यासाठी एक खोका आणला. त्यात काळ्या प्लॅस्टिकचे रस्त्याचे तुकडे, दोन मोटारी आणि हातात धरायची दोन बटणं. हा खाचेतल्या मोटारींचा खेळ. रस्त्याच्या मधोमध एक खाच असते. मोटारीच्या नाकाखालचं पातं त्या खाचेत बसतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, त्यांतून कमी दाबाची वीज खेळते. गाडीखालचे तारांचे झुबके पट्टीला टेकले, की मोटार सुरू. बटण जास्त दाबलं की वेग वाढतो. पण वळणावर हावरटपणा केलात, तर गाडी खाच सोडून थेट सोफ्याखाली!

इंग्लंडमधल्या फ्रेड फ्रान्सिस नावाच्या गृहस्थांनी १९५७ साली अशा विजेच्या मोटारी बाजारात आणल्या. त्याआधी ते चावीच्या पत्र्याच्या मोटारी करत. नव्या खेळाचं नाव त्यांनी ठेवलं स्केलेक्स्ट्रिक. हा खेळ जगभर गेला. खेळणाऱ्यांना लवकरच वाटू लागलं, की नुसता काळा रस्ता काय कामाचा? आजूबाजूला झाडं हवीत, प्रेक्षक हवेत, दुकानं हवीत. मग कुणी स्वतः देखावे करू लागले, तर कुणी करून विकू लागले.

भाचेरावांनाही तसंच वाटलं. पण त्याने इंग्लंडमधली घरं केली नाहीत. "मामा, आपण न्हावा शेवा करू या," तो म्हणाला. "रोज दिसतं ते."

पहिली फजिती

न्हावा आणि शेवा ही दोन गावं. त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. आता तिथे जाणाऱ्या रस्त्यावर बघावं तेव्हा कंटेनरच्या ट्रेलरची रांग. तेव्हा देखाव्यात पहिला मान कंटेनरचा. भाचेरावांनी काड्यापेट्या गोळा केल्या, लाल-निळ्या रंगवल्या आणि रस्त्याकडेला रचल्या. मग गाडी शेजारी ठेवली, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. मोटार होती साडेतेरा सेंटिमीटर लांब आणि कंटेनर तिच्या निम्म्यानेही नाही. बंदर कसलं, भातुकलीच!

चूक कुठे झाली? माप घेतलं नव्हतं.

या खेळातल्या बऱ्याचशा मोटारी खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या असतात. याला म्हणतात १:३२ प्रमाण. मग शेजारची प्रत्येक वस्तूही बत्तिसावा भागच हवी. गणिताची भीती वाटते? एक युक्ती सांगतो. एक फूट म्हणजे ३०.५ सेंटिमीटर. त्याला ३२ ने भागा. उत्तर येतं साधारण ९.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. तेव्हा 'फुटाला सेंटिमीटर, पण किंचित कमी' एवढं लक्षात ठेवलं की झालं.

कंटेनरची मापं ट्रेलरवाल्या काकांना तोंडपाठ असतात. ते 'वीस फुटी' आणि 'चाळीस फुटी' असंच म्हणतात. वीस फुटी कंटेनर ८ फूट रुंद आणि बहुधा साडेआठ फूट उंच असतो. आपल्या प्रमाणात तो झाला १९ सेंटिमीटर लांब, ७.६ सेंटिमीटर रुंद आणि ८.१ सेंटिमीटर उंच. आणि साडेपाच फुटी माणूस? जेमतेम सव्वापाच सेंटिमीटर. (मापं विचारायची ती उभ्या गाडीच्या काकांना, तीही मोठं माणूस बरोबर असताना. टेप घेऊन रस्त्यात उतरायचं नाही, बरं का!)

कंटेनर कसा करायचा?

किराणा दुकानात मिळणारा जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या. त्याचा वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोलून काढा. आत काय दिसतं? नागमोडी नाळ्या! कंटेनरच्या भिंतीही अशाच नाळीदार असतात. आपल्याला आयती भिंत मिळाली. नाळ्या उभ्या राहतील अशा बेताने चार भिंती कापा. तळ आणि छप्पर साध्या पुठ्ठ्याचं करा. सगळं फेविकॉलने चिकटवा आणि रात्रभर दोऱ्याने बांधून ठेवा. सकाळी पोस्टर कलरचे दोन हात द्या. कोपऱ्यांवर तपकिरी रंगाचे ठिपके दिले, की गंज चढलाच म्हणून समजा.

शेवटी क्रमांक. खऱ्या कंटेनरवर चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातलं चौथं अक्षर बहुतेक वेळा 'यू' असतं. शेवटचा आकडा आधीची अक्षरं आणि आकडे यांच्या हिशेबातून काढलेला असतो. लिहिताना कुणी एखादा आकडा चुकला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. तुमच्या कंटेनरवर मात्र तुमच्या जन्मतारखेचे आकडे घाला.

थर्माकोल मात्र नको. २०१८ साली आपल्या राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आहे. शिवाय पुठ्ठा त्याच्यापेक्षा मजबूत. त्याची गरज का, ते पुढे कळेलच.

तिवरं, मिठागर आणि द्रोणागिरी

खाडीकाठ म्हटला की तिवरं आलीच. जुन्या वायरमधल्या तांब्याच्या बारीक तारा एकत्र पिळा. हा झाला बुंधा. वरच्या तारा फांद्यांसारख्या पसरा. खाली नारळाचा काथ्या चिकटवा, म्हणजे तिवराच्या मुळांचा गुंता दिसेल. सुताराकडून लाकडाचा भुसा आणा, चाळून घ्या, हिरव्या रंगाच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवा. फांद्यांना फेविकॉल लावून भुशात घोळवलं, की पालवी फुटली!

जमिनीसाठी चहाचा चोथा छान. पण तो धुऊन कडकडीत वाळवा, नाहीतर आठवड्याभरात बुरशी धरेल. मिठागरातल्या मिठाच्या ढिगांसाठी भाचेरावांनी स्वयंपाकघरातलं खरं मीठ पळवलं होतं. पहिल्याच पावसात ढिगांना पाणी सुटलं आणि जवळच्या पट्ट्यांवर गंजाचे डाग पडले. ताईचा ओरडा बसला तो वेगळाच. मग पांढरी रांगोळी वापरली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती पाणी धरत नाही.

धक्क्यावरच्या उंच क्रेनचं काय? खरी क्रेन ६० मीटर उंच धरली, तरी १:३२ मध्ये ती जवळजवळ १९० सेंटिमीटर होते. म्हणजे मामापेक्षा उंच! अशा वेळी गणपतीच्या आरासीत करतात तेच करायचं. मागे पडदा लावायचा. त्यावर क्रेन, द्रोणागिरीचा डोंगर आणि खाडीपलीकडचं घारापुरी बेट रंगवायचं. लांबचं ते लहान, हा नियम इथे आपल्या मदतीला येतो.

दोन धोके मात्र सांगून ठेवतो. वळणावर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं, म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला चार बोटं जागा मोकळी सोडा. तिथे काही ठेवायचंच असेल तर पुठ्ठ्याचा कठडा ठेवा. आमची पहिली तिवरं अशाच एका वळणावर धारातीर्थी पडली. दुसरा धोका सुट्या भुशाचा. तो खाचेत आणि गाडीच्या तारांत अडकतो, मग गाडी आचके देते. म्हणून भुसा टाकला की त्यावर पातळ फेविकॉलचं पाणी शिंपडा आणि वाळल्यावर ब्रशने झटका.

हाताने घडवलेलं असं छोटं जग मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल, तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. तिथली गाडी बघून झाली की रुळांबाजूचे डोंगर आणि घरंही निरखून बघा.

विकायचं कसं?

शाळेच्या आनंदमेळाव्यात भाचेरावांनी गाळा घेतला. कंटेनर मांडले, वीस रुपयाला एक. तीन विकले गेले. स्वारी खूश! "मामा, एकामागे दहा रुपये सामान आणि दहा रुपये नफा!"

मी विचारलं, "एक करायला वेळ किती लागला?"

"दीड तास."

"मग तासाला किती मिळाले?"

त्याने हिशेब केला आणि चेहरा पडला. तासाला सात रुपयेसुद्धा नाहीत. रंगाचं मोल धरलं होतं, हातांचं धरलंच नव्हतं.

मग आम्ही दुसरी पद्धत काढली. भिंतींच्या मापाचा जाड पत्र्याचा फर्मा केला. पत्रा अर्थात मोठ्यांनी कापून दिला. फर्मा ठेवायचा, कडेने रेघ मारायची, कापायचं. दहा कंटेनरच्या भिंती एकदम, मग दहांचं चिकटवणं, मग दहांचं रंगकाम. दहा कंटेनर पाच तासांत झाले. सामान ८० रुपयांचं. चाळीस रुपये भावाने आले ४००. सामान वजा जाता उरले ३२०, म्हणजे तासाला ६४ रुपये. चाळीस भाव ऐकून काही जण पुढे गेले, हेही खरं. पण ज्यांनी घेतले, त्यांनी नीट बघून घेतले.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे खाचेतल्या मोटारी असणारी घरं थोडी, पण दिवाळीत किल्ला करणारी घरं गल्लोगल्ली. बाजारातले मातीचे मावळे साधारण बोटाएवढे असतात. आपला सव्वापाच सेंटिमीटरचा माणूसही तेवढाच! म्हणजे मोटारीसाठी केलेली झाडं किल्ल्यावरही शोभतात. दिवाळीच्या आधी भाचेरावांची पन्नास झाडं हातोहात संपली.

आमचा गाव कुठं हाय?

आता खरी गोष्ट सांगतो. दिवाळीत तो पूर्ण देखावा ताईच्या अंगणात मांडला होता. बघायला शेजारपाजारची मंडळी आली. त्यात एक आजोबा होते, हनुमान कोळीवाड्यात राहणारे. बंदर व्हायचं होतं तेव्हा, १९८० च्या दशकात, शेवा कोळीवाडा हे गाव तिथून उठलं. तिथल्या लोकांना उरणजवळ नवी वस्ती मिळाली, तोच हा हनुमान कोळीवाडा.

आजोबांनी कंटेनर बघितले, क्रेन बघितली, मोटारीची एक फेरी बघितली. मग म्हणाले, "बरा केलास पोरा. पन आमचा गाव कुठं हाय यात?"

भाचेराव गप्प. मीही गप्प. सगळं मापात केलं होतं, आणि अख्खं गाव मापातून सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आजोबांकडे गेला. उठलेल्या गावाला टेप कुठे लावणार? पण आजोबांकडे त्यांचं स्वतःचं माप होतं. होडी किती लांब? "वीस हात." एक हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर. वीस हातांचे झाले ९ मीटर, बत्तिसाव्या भागात २८ सेंटिमीटर. अशी होडी झाली. मग घरं झाली. ती त्याने आधी सुटी सुटी मांडली. आजोबांनी एकेक उचलून जवळ सरकवली. "इतकी लांब नव्हती. या घरातली हाक त्या घरात जायची." हे माप कुठल्या फुटपट्टीवर असतं, सांगा!

आता त्या देखाव्यात बंदराशेजारी सात घरं आहेत, एक होडी आहे आणि वाळत घातलेलं जाळं आहे. जाळं जुन्या मच्छरदाणीचं. काल-आज एका टेबलावर आले, ते खऱ्या नकाशावर कधी शेजारी नव्हते. म्हणून भाचेरावांनी घरांपुढे एक छोटी पाटी लावली : 'इथे आधी हे होतं.' कंटेनर विकायला आहेत, झाडं विकायला आहेत. या सात घरांचा भाव एका गृहस्थांनी विचारला, तेव्हा तो म्हणाला, "आजोबांना विचारून सांगतो." अजून त्याने विचारलेलं नाही.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या गावातली एक वस्तू निवडा. एस.टी.चा थांबा, विहीर, पिठाची गिरणी, काहीही. तिची मापं घ्या, ३२ ने भागा आणि पुठ्ठ्यात करून बघा. आणि त्या जागी आधी काय होतं, ते घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जरूर विचारा. काय कळलं ते आम्हाला लिहून पाठवा हं.

पुढच्या आठवड्यात छंदपेटी पुन्हा उघडूच. तोवर फेविकॉलचं झाकण घट्ट लावायला विसरू नका!