हक्कसोडपत्राच्या मुलखात हिंदू कोड बिल

एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिच्या अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातला वक्ता माईक हाती आला की पहिल्या दोन मिनिटांत सांगतो. अभिमान रास्तच आहे. पण पुढचं भाषण संविधानापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य राहिलेला हा माणूस देशाचा कायदामंत्री झाल्यावर ज्या विधेयकासाठी वर्षानुवर्षं झगडला, ते हिंदूंच्या लग्न-वारशाचे नियम बदलणारं हिंदू कोड बिल ‘त्यांनी स्त्रियांनाही हक्क दिले’ एवढ्या एका वाक्यात उरकलं जातं. समोरच्या बायका टाळ्या वाजवतात. त्यांतल्या कितीजणींनी हक्कसोडपत्रावर, म्हणजे बापाच्या मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही केली आहे, हे मात्र विचारायचं नसतं.

ती सही कशी होते ते सीमाभागात सगळ्यांना ठाऊक आहे. बापाचे दिवसपाणी उरकले की भावाचा फोन येतो. बहीण कागलहून, गडहिंग्लजहून, चिकोडीहून बसने येते. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो. सब-रजिस्ट्रार कचेरीत कारकून बोट ठेवून सहीची जागा दाखवतो. कागद कन्नडात आणि ती शिकलेली मराठी शाळेत. अंगठा, कॅमेरा, झालं. येताना भाऊ बाजारातून साडी घेऊन देतो. हा हक्क तिने राजीखुशीने सोडला, असं कागद म्हणतो. भाषेच्या हक्कासाठी मोर्च्यात पुढे असणाऱ्या आपल्या मंडळींना बहिणीला न वाचता येणाऱ्या या कागदाचं काहीच कसं वाटत नाही, याचं मला नवल वाटतं.

यावर कोड बिलाचा विषय काढला की पहिला आक्षेप अभ्यासू सुरात येतो: बिल आंबेडकरांचं नव्हतंच, मसुदा बी. एन. राव समितीचा, मंत्री म्हणून त्यांनी तो फक्त मांडला. मसुद्याचा उगम राव समितीत, हे खरं. पण त्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. आंबेडकरांच्या हाताखाली प्रवर समितीतून विधेयक बाहेर आलं तेव्हा तो मुलाइतका झालेला होता. शिवाय मिताक्षर पद्धतीतला, फक्त मुलाला जन्मतः मिळणारा वडिलोपार्जित हक्कच मोडीत काढण्याची तरतूद त्यांनी लावून धरली. निम्म्याचं पूर्ण करणं आणि मुळावरच घाव घालणं याला ‘फक्त मांडणं’ म्हणायचं असेल, तर मग करणं कशाला म्हणतात?

दुसरा आक्षेप वयस्कर आहे. एकपत्नीत्व आणि घटस्फोट आले तर हिंदू समाज बुडेल, असं तेव्हा दिल्लीत छातीठोकपणे सांगितलं जात होतं; राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांचाही विरोध होता. आज हाच आक्षेप ‘कायद्याने समाज बदलत नसतो’ असे सभ्य कपडे घालून येतो. याला उत्तर द्यायला बेळगाव जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. द्विभार्या प्रतिबंधाचा मुंबईचा कायदा १९४६ चा, हिंदू घटस्फोटाचा १९४७ चा. म्हणजे दिल्लीत ज्या तरतुदींवरून प्रलयाची भाकितं चालली होती, त्यांतल्या दोन ठळक तरतुदी चिकोडी, हुक्केरी, खानापुरात आधीच लागू होत्या. बिल गुंडाळलं गेलं त्याच वर्षी, १९५१ मध्ये, न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी द्विभार्या कायदा घटनेला धरून असल्याचा निकालही दिला. लग्नसराई थांबली नाही, सौंदत्तीची यल्लम्माची जत्राही थांबली नाही.

सौंदत्तीचं नाव निघालंच आहे, तर प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच मांडतो. देवदासी संरक्षणाचा मुंबईचा कायदा १९३४ चा. तरीही मुली यल्लम्माला सोडल्या जात राहिल्या. गळ्यात मोत्यांची माळ, हातात परडी. कर्नाटकाला १९८२ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. कायदा हरला ना? हरला. पण का हरला, ते पाहायचं तर कायदामंत्र्याच्या आधीच्या आंबेडकरांकडे जावं लागतं. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने मांडलं होतं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते टिकवायला बाईला जखडावं लागतं: सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्याची हत्यारं. यल्लम्माला सोडलेली जोगतीण ही त्याच यंत्राची दुसरी बाजू. वरच्या घरातली बाई जातीत कोंडायची आणि दलिताघरची मुलगी देवाच्या नावाने मोकळी सोडायची, म्हणजे गावातल्या पुरुषाची दोन्हीकडून सोय. १९३४ च्या कायद्याने मुलगी सोडण्याचा विधी गुन्हा ठरवला. मुलीच्या हाती जमीन, घर, वाटा काही दिलं नाही. म्हणून तो हरला. कोड बिलाने नेमका मालमत्तेलाच हात घातला. त्याला झालेल्या विरोधाची धार त्यामुळेच वेगळी होती.

इथे बाबासाहेबांचाही हिशेब नीट व्हायला हवा. जून १९३६ मध्ये मुंबईत मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांपुढे बोलताना त्यांनी हे जिणं सोडा असं बजावलं. पोटाचं काय, या प्रश्नाला त्या भाषणात नीट उत्तर नाही. ते आमच्या भागात पुढे शोधलं गेलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत नाकातोंडाला पदर बांधून भुकटी चाळणाऱ्या बायकांत जोगतिणीही होत्या. देवचंद कॉलेजातले प्रा. सुभाष जोशी यांनी या कामगार बायकांची संघटना बांधली, मजुरीसाठी लढे दिले. (कॉलेज महाराष्ट्राच्या हद्दीत, वखारी कर्नाटकाच्या, मालकांना दोन्हीकडचे कायदे सारखेच नावडते.) भाषणात जे सुटलं ते संघटनेने भरून काढायला घेतलं. याने आंबेडकर खोटे पडत नाहीत, अपुरे ठरले तिथे त्यांचं काम पुढे गेलं.

आपल्या बाजूच्या लोकांची एक सवयही मला पटत नाही. ‘स्त्रियांसाठी मंत्रिपद लाथाडलं’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण २७ सप्टेंबर १९५१ च्या राजीनाम्यामागे अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, हवं ते खातं न मिळणं अशीही कारणं होती आणि ती त्यांनी स्वतःच सांगितली. कोड बिल हे शेवटचं आणि निर्णायक कारण. इतक्या चर्चेनंतर जेमतेम चार कलमं मंजूर होऊन ते थांबलं होतं. वर्गावर्गातली आणि स्त्री-पुरुषांमधली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत राहणं म्हणजे घटनेची थट्टा, असं त्यांनी निवेदनात म्हटलं. एवढं पुरेसं आहे. वर मुलामा नको.

हक्काऐवजी मदतीचं म्हणाल, तर आता कर्नाटकाचं महिला-बालविकास खातं आमच्याच जिल्ह्याकडे येतं: आधी निपाणीच्या शशिकला जोल्ले, २०२३ पासून बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर. गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये बाईच्या खात्यात पडतात, तिला त्यांचा आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण सरकार देतं ते सरकार बंदही करू शकतं. जमिनीच्या उताऱ्यावर चढलेलं नाव तसं खोडता येत नाही.

राहिला घराघरातला आक्षेप: वाटा मागितला की माहेर तुटतं. भावाभावांत बांध घातले जातात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, दहा-दहा वर्षं कोर्टात जातात. तेव्हा घर तुटल्याची हाकाटी करत कुणी वारसा कायदा रद्द करा म्हणालं नाही. आणि साडीवर टिकणारं माहेर बहिणीला किती दिवस पुरतं, हे बहिणींनाच विचारा.

‘नेहरूंनी १९५५-५६ मध्ये सगळं केलंच की’ म्हणणाऱ्यांसाठी तारखा. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला. मुलांचा जन्मसिद्ध हक्क मात्र शाबूत ठेवून. आंबेडकरांनी काढायला घेतलेलं तेच परत ठेवलं. मुलीला त्या हक्कात घ्यायला महाराष्ट्राने २२ जून १९९४ हा दिवस धरला, कर्नाटकाने ३० जुलै १९९४. गावागावासाठी भांडणारी ही दोन राज्यं एका गोष्टीत न भांडता एक झाली: त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुलींना दोघांनीही वगळलं. १९९३ मध्ये निपाणीहून कागलला दिलेली मुलगी आणि कागलहून निपाणीला आलेली सून, दोघी सारख्याच रिकाम्या हाताने राहिल्या. ते दार केंद्राने ९ सप्टेंबर २००५ ला उघडलं आणि बाप आधी वारला असला तरी तिचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करेपर्यंत ऑगस्ट २०२० उजाडला. तोवर कितीतरी जणींच्या भावांनी वाटण्या नोंदवून टाकल्या होत्या.