थंडींतील फटफटी

पौषांत मलकापूर स्टेशनावर सकाळची गाडी गांठण्यासाठीं बुलढाण्याहून पहांटे मोटारसायकलीनें निघालें, कीं राजूर घाट उतरतांनाच हात बधिर होतात, हा आमचा अनुभव आहे. उष्णमान १० अंश असलें तरी ताशीं ६० किलोमीटर वेगांत उघड्या कातडीस तें सुमारें ५ अंशांसारखें भासतें. बधिर बोटांनीं ब्रेक वेळेवर आवळतां येत नाहीं. घाटाच्या वळणावर हाच खरा धोका होय.

केवळ हातमोज्यांनीं हें भागत नाहीं. छाती गारठली म्हणजे आंतील ऊब राखण्याकरितां शरीर बोटांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतें. म्हणून प्रथम लोंकरीची बंडी व तिच्यावर वारा अडविणारें जाकीट घालावें. तें नसल्यास सदऱ्याखालीं वर्तमानपत्राची घडी ठेवावी. नुसत्या लोंकरी मोज्यांतून वारा शिरतो. त्यांवर मनगट झांकणारे चामडी मोजे असावेत, पण ते घट्ट नसावेत. तरीहि बोटें सुन्न झालींच, तर थांबून हात काखेंत धरावेत. तापलेल्या सायलेन्सरला ते लावूं नयेत. बधिर कातडीस भाजलेलें कळत नाहीं.

घरच्यांनीं निघणारास "जपून जा" म्हणण्यापूर्वीं त्याचे मोजे पाहावेत आणि थोडें लवकर निघावयास सांगावें, म्हणजे वाटेंत थांबण्यास त्याला सवड राहील.