पुडी फेकू नका, पुडी घेऊन दवाखान्यात या

घरात कुणाची जुनी सांधेदुखी एखाद्या पुडीने दोन दिवसांत पळाली आहे का? त्यानंतर त्यांची भूक एकाएकी वाढली, रात्रीची झोप उडाली, स्वभाव पालटला, असं तुम्हाला जाणवतं आहे का? असेल, तर ही विनंती तुम्हालाच आहे. ती पुडी आजच शोधून बाजूला काढा, पण फेकू नका. घेणाऱ्याला 'आजपासून बंद' असंही परस्पर सांगू नका. पुडी, तिचा कागद, डबी, जे हाताला लागेल ते आणि ती घेणारं माणूस, असं दोघांना घेऊन याच आठवड्यात एखाद्या एमडी फिजिशियनकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा.

आठवडी बाजारात, एसटी स्टँडबाहेर, जत्रेत आणि आता मोबाइलवर पत्ता पाठवला की कुरिअरनेही अशा पुड्या आणि काळ्या गोळ्या मिळतात. त्यांवर घटक लिहिलेले नसतात, बनवणाऱ्याचं नाव नसतं, बॅच नंबर नसतो. सगळं जडीबुटीचं आहे, अपाय काही नाही, एवढंच तोंडी सांगितलं जातं. अशा मालाची जिथे जिथे तपासणी झाली, तिथे त्यात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन अशी स्टेरॉइडं अनेकदा सापडली आहेत. नोंदणीकृत वैद्यांनी नाडी पाहून, चिठ्ठीवर लिहून दिलेल्या औषधाविषयी मी बोलत नाही. जिच्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही, त्या पुडीविषयी बोलतो आहे.

स्टेरॉइड हे मुळात प्राण वाचवणारं औषध आहे. 1948 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना 1950 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. 2020 मध्ये ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी करणारं औषधही डेक्सामेथासोनच होतं. पुढच्याच वर्षी बेसुमार स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांनी काळ्या बुरशीला कशी वाट करून दिली, तेही महाराष्ट्राने पाहिलं. या औषधाला मात्रा लागते, मुदत लागते आणि जाणत्याची नजर लागते. पुडीत यातलं एकही नसतं.

स्टेरॉइड शरीरात काय करतं हे समजायला कॉर्टिसॉल माहीत हवं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहानशा अॅड्रिनल ग्रंथी हे हार्मोन बनवतात. पहाटे ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. रक्तदाब सांभाळणं, उपाशीपोटी साखर पुरवणं, आजारपणात शरीराला तग धरायला लावणं ही त्याची कामं. मेंदू पिच्युटरी ग्रंथीला आणि पिच्युटरी अॅड्रिनलला हुकूम देते. रक्तात पुरेसं झालं की हुकूम थांबतो. निरोगी शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, ते साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. डेक्सामेथासोन अवघं 0.75 मिलिग्रॅम तेवढंच काम करतं आणि त्याचा अंमल दीड दिवसाच्या आसपास टिकतो. पुडीत किती मिसळलं आहे हे कळायला घरच्यांना काही मार्गच नसतो.

पहिली खूण ताटात दिसते. अर्धी भाकरी कशीबशी खाणाऱ्या आजी दोन मागतात, रात्री उठून डबे उघडतात, गोड मागतात. हायपोथॅलॅमसमधली भूक चेतवणारी रसायनं स्टेरॉइडमुळे वाढतात आणि 'पोट भरलं' हा लेप्टिन या हार्मोनचा निरोप तिथे नीट पोचत नाही. घरचे म्हणतात, औषध अंगी लागलं, आजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. कृपा करून नीट बघा. चेहरा गोल आणि लाल होतो आहे का? पोट आणि मानेमागचा भाग भरतो आहे, पण हातपाय वाळत चालले आहेत का? पाटावरून उठताना भिंतीला धरावं लागतं का? जरासं लागलं तरी काळंनिळं होतं का? यातलं 'हो' आलं, तर ते तेज नाही, आजार आहे. आत साखर आणि रक्तदाब चढत असतो, हाडं ठिसूळ होत असतात, दबून राहिलेला क्षय डोकं वर काढू शकतो.

मनावर होणाऱ्या परिणामाबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्याचा दोष माणसाच्या माथी मारला जातो. सुरुवातीला उत्साह येतो. माणूस खूप बोलतो, पहाटे तीनला उठून घर झाडतो, मोठमोठे बेत करतो, पैसे उधळतो. मग चिडचिड, रडू, संशय. सून जेवणात काही घालते, शेजारी आपल्यावर टपले आहेत, असं वाटू लागतं. काहींना आवाज ऐकू येतात. काही जण इतके खचतात की जगणं नको म्हणतात. स्मरणशक्तीचं काम पाहणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कॉर्टिसॉलच्या ग्राहींची दाटी असते, म्हणून बराच काळ मात्रा जास्त राहिली की नावं, हिशेब, नुकतंच घडलेलं हेही निसटू लागतं. डोस वाढेल तसा धोका वाढतो. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या रुग्णालयीन अभ्यासात रोज 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्के रुग्णांना गंभीर मानसिक त्रास झाला होता. 80 च्या वर घेणाऱ्यांत हेच प्रमाण 18.4 टक्के होतं.

आपल्याकडे याला म्हातारचळ म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा. देवर्षीकडे नेलं जातं, कोंडून ठेवलं जातं, माणसाशी बोलणं तोडलं जातं. आजोबा असे नव्हते, असं घरातलं कुणी म्हणत असेल, तर त्यांच्यावर रागवण्याआधी त्यांची औषधाची पिशवी उलटी करून पाहा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवली की बहुतेकांचं मन ताळ्यावर येतं. तोवर त्यांना एकटं सोडू नका. मरणाची भाषा येत असेल, तर दवाखान्याच्या दिवसाची वाट न पाहता टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर लगेच बोला आणि माणसाला रुग्णालयात न्या.

लग्न ठरलेल्या मुलींना 'अंग भरायला' म्हणून ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांच्याबद्दलही हीच विनंती. त्यांत डेक्सामेथासोन आणि सायप्रोहेप्टाडिन अशी जोडी असू शकते. आईबापांनो, चार किलो वजनासाठी पोरीच्या अॅड्रिनल ग्रंथी गहाण टाकू नका.

आता सर्वांत तातडीची गोष्ट. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की मेंदू हुकूम देणं थांबवतो आणि अॅड्रिनल ग्रंथी आकसतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ हे चाललं असेल आणि पुडी एकदम बंद झाली, तर शरीराकडे स्वतःचं कॉर्टिसॉल नसतं. आधी भूक मरते, अंगातलं त्राण जातं, मन उदास होतं. मग उलट्या, पोटदुखी, उठताना चक्कर. त्यातच ताप, जुलाब, अपघात किंवा ऑपरेशन आलं, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ग्रंथी पुन्हा जाग्या व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षसुद्धा. म्हणूनच हा लेख वाचून भीतीने पुडी गटारात टाकू नका. डॉक्टर तिच्याऐवजी मोजून गोळी देतील आणि ती हळूहळू उतरवतील.

पुडी आधीच बंद केली असेल आणि माणूस उलट्या करत असेल, गळून पडत असेल, बडबडत असेल, तर 108 ला फोन करा. रुग्णालयात पहिलं वाक्य हेच सांगा: 'हे इतके महिने दुखण्याची पुडी घेत होते, अमुक दिवशी बंद केली, त्यात स्टेरॉइड असू शकतं.' हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. हे वाक्य लाजेपोटी कुणी बोललं नाही, तर डॉक्टर उलट्यांचं कारण दुसरीकडेच शोधत बसतील. शरमेचं यात काहीच नाही. दुखणं सहन होत नव्हतं म्हणून माणसाने पुडी घेतली.

दमा, मूत्रपिंडाचा आजार, आमवात यांसाठी ज्यांना डॉक्टरांनीच स्टेरॉइड लिहून दिलं आहे, त्यांनी ते चालूच ठेवायचं आहे. दम्याचा पंप तर अजिबात सोडू नका; त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. फक्त जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने गोळ्या आणत राहू नका. आणि औषध दुकानदार बंधूंनो, ही शेड्यूल एच मधली औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय देऊ नका. ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी.

आशाताईंना माझं हात जोडून मागणं आहे. घरभेटीत साखर, बीपी विचारता, तसं 'गुडघ्यासाठी काय घेता?' हेही विचारा. गोल चेहरा आणि बारीक पाय दिसले की त्या माणसाला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे धाडा.

पुडीचा थोडा नमुना कागदासकट जपून ठेवा. कुठून घेतली, कोणत्या वारी, किती रुपयांना, हे वहीत लिहा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. औषधाचा दुष्परिणाम झाला असेल, तर 1800-180-3024 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही तो कळवू शकतात. विकणारा पुढच्या बाजारी त्याच जागी पुन्हा पथारी मांडणार आहे. तक्रार त्याच्या आधी पोचू द्या.