नाण्याची फट बुजवू नका!

अमेरिकेत वेफर्स, शीतपेये विकणारी यंत्रे कारखान्यांत, इस्पितळांत, स्थानकांवर उभी असतात. त्यांना क्रेडिट कार्ड वाचणारे उपकरण जोडणे फारसे अवघड नाही. नाणी व नोटा घेणारे भाग ज्या तारेने यंत्राशी जोडलेले असतात त्याच तारेवर तेही बसते आणि मोबाईलच्या जाळ्यावरून बँकेला विचारणा करते. सुटे नसलेल्याची सोय होते, कोणता माल संपला हे मालकाला घरबसल्या कळते. यास आमचा विरोध नाही.

परंतु छोट्या रकमेवरही कार्डाचे शुल्क पडते, म्हणून कित्येक यंत्रांवर कार्डवाल्याकडून काही सेंट जादा घेतात. तेही एकवेळ चालेल. खरा धोका पुढे आहे. रोकड गोळा करायला माणूस नको, चोरीची धास्ती नको, मग नोटा-नाण्यांची फटच काढून टाका! हा हिशेब कुणाच्या सोयीचा? तेथील ठेव विमा महामंडळाच्या २०२१ च्या पाहणीत कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी ११.३ टक्क्यांचे बँकेत खातेच नव्हते. गोऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होते. रात्रपाळीच्या सफाई कामगाराच्या हाती डॉलरची नोट आहे, काचेआड खाऊ दिसतो आहे आणि यंत्र कार्ड मागते. नोटेचाही आता विटाळ होऊ लागला काय?

रोकड नाकारण्यास फिलाडेल्फियाने २०१९ साली व न्यूयॉर्क शहराने २०२० साली दुकानांना मनाई केली. तोच न्याय यंत्रालाही हवा. रात्री दोन वाजता त्या कामगारासाठी दुकान उघडे नसते, यंत्रच असते.