परवानगीची कटकट आणि तिची किंमत

गेल्या महिन्यात साताऱ्यातील एका सहकारी प्राध्यापकांच्या घरी संगणकात नवा प्रोग्राम बसवीत होतो. अशा वेळी पडदा काळवंडतो आणि ‘या प्रोग्रामला बदल करू द्यावयाचे काय?’ असा प्रश्न येतो. येथे तो आलाच नाही. दुरुस्तीस आलेल्या कारागिराने कटकट नको म्हणून तो कायमचा बंद करून टाकला होता. सांगलीस मेहुण्यांकडे गेलो, तर तेथेही तोच प्रकार! दोन्ही घरी त्याच यंत्रावर मुलांचे प्रवेश-अर्ज भरले जातात आणि बँकेचे व्यवहारही होतात.

कटकट खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विंडोज एक्सपीच्या काळात घरचा वापरकर्ता बहुधा सर्वाधिकारीच असे, आणि त्याने उघडलेला प्रत्येक प्रोग्राम त्याच्याच अधिकाराने चाले. २००७ साली घरोघरच्या ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने मात्र प्रश्नांचा भडिमार आरंभिला. मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी २००८ मध्ये उघडच सांगून टाकले की, हा त्रास हेतुपुरस्सर होता. त्रासलेल्या ग्राहकांमुळे विनाकारण सर्वाधिकार मागणाऱ्या प्रोग्रामांचे निर्माते सुधारावेत, अशी ती योजना होती. म्हणजे कर उत्पादकावर बसवावयाचा, पण तो वसूल करावयाचा ग्राहकाच्या स्वस्थतेतून! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटू नये.

२००९ च्या विंडोज सेव्हनपासून या प्रश्नांचे प्रमाण ठरविणारी चार पायऱ्यांची पट्टी मिळाली. तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर सर्वाधिकारी खात्यात कोणताही प्रोग्राम न विचारता हवे ते बदल करू शकतो. तिसऱ्या पायरीवर प्रश्न येतो, पण पडदा काळवंडत नाही. हे काळवंडणे निव्वळ शोभेचे नव्हे. त्या अवधीत अन्य प्रोग्रामांस तुमच्या वतीने ‘होय’ दाबता येऊ नये, म्हणून ती व्यवस्था आहे. तेव्हा पट्टी दुसऱ्या पायरीच्या खाली नेऊ नये.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन खाती. जुन्या वाड्यात रोजची ये-जा दिंडीतून होई; मोठा दरवाजा कारणपरत्वेच उघडत. तसे रोजचे काम साध्या खात्यातून करावे आणि सर्वाधिकारी खात्याचा परवलीचा शब्द घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा. मग प्रश्नही क्वचित येतात, आणि क्वचित आलेला प्रश्न माणूस वाचतो. साध्या खात्यातील आपलीच कागदपत्रे मात्र घातक प्रोग्राम यानंतरही बिघडवू शकतो. त्यांची निराळी प्रत ठेवावयास हवीच.

सांगलीच्या घरी हे सारे अर्ध्या तासात उरकले. मेहुण्यांचे चिरंजीव परवलीच्या शब्दासाठी दोन दिवस मागे लागले होते. कोणता प्रोग्राम बसवावयाचा आहे, असे विचारल्यावर मात्र त्यांना नाव सांगता येईना.