घर हाही एक दस्तऐवज

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि राजांच्या वंशावळी एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु ज्या घरात माणसे जन्मली, जेवली, आजारी पडली आणि वृद्ध झाली, ते घरही इतिहासाचा एक दस्तऐवजच असते. तो शाईने लिहिलेला नसतो इतकेच. एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या वाड्यांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट चांगली ध्यानात येते.

दिंडी दरवाजातून आत शिरले की चौक लागे. चौकाभोवती ओसरी, तिच्या आत माजघर, देवघर आणि धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर. कोनाड्यात पणती, खुंटीवर पागोटे, देवापुढे समई, न्हाणीघरात तांब्याचे घंगाळ. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. पितळेच्या भांड्यांना वेळोवेळी कल्हई करून घ्यावी लागे; नाहीतर त्यांत ठेवलेले ताक कळकत असे. वस्तू जपून वापरावी, मोडली तर दुरुस्त करावी आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, हा त्या घरांचा सहज धर्म होता.

मात्र वस्तूंच्या सौंदर्यावरच दृष्टी खिळली, तर दस्तऐवज अर्धाच वाचला जातो. वस्तुसंग्रहालयात ठेवलेले जाते मुलांना गमतीचे वाटते. पण उजाडण्यापूर्वी उठून, साऱ्या कुटुंबाचे पीठ त्या दगडावर दळणाऱ्या स्त्रीला ते गमतीचे वाटत नसे. जात्याच्या झिजलेल्या खुंट्यावर तिच्या हातांचा इतिहास आहे. पाण्याच्या हंड्याचेही तसेच. तो किती सुबक आहे हे पाहावे. पण तो कोणी भरला आणि कोणाला त्यातले पाणी मिळत नव्हते, हेही विचारावे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील एका साध्या घराने दिले आहे. गंज पेठेतील महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांचे ते घर. ज्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाय ठेवण्याची बंदी होती, त्या काळी, म्हणजे १८६८ मध्ये, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. हौद म्हणजे दगडचुन्याचे एक बांधकाम. परंतु त्या हौदापाशी समतेचा विचार पुस्तकातून उतरून तहानलेल्या माणसाच्या ओंजळीत आला. घरगुती वस्तू किती मोठा इतिहास सांगू शकते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

जुनी घरे अंधारी व गैरसोयीची होती, त्यांत विषमताही नांदत होती; मग ती जतन कशाला करावी, असे काही जण म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक जुना वाडा राखणे शक्य नाही. राहणाऱ्या माणसांना सुरक्षित निवारा हवाच. परंतु उणिवा होत्या म्हणून साक्षच पुसून टाकणे शहाणपणाचे नव्हे. धुराने काळी झालेली भिंत पाहिल्यावाचून तिच्याखाली राबणाऱ्यांचे कष्ट कसे कळावेत? जतन करायचे ते गतकाळाची आरती ओवाळण्यासाठी नव्हे, तर त्याला नीट ओळखण्यासाठी.

उशीर झाला की काय घडते, हेही पुण्याने पाहिले आहे. ज्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, तो जीर्ण होत गेला आणि २०२३ मध्ये स्मारक उभारण्यासाठी पाडण्यात आला. स्मारक भव्य बांधता येते. पण त्या मुलींनी भीतभीत ओलांडलेला उंबरठा पुन्हा घडवता येत नाही.

याउलट एका माणसाच्या चिकाटीने काय साधते, हे दिनकर केळकर यांनी दाखविले. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा रोजच्या जीवनातील सुमारे २०,००० वस्तू त्यांनी आयुष्यभर जमविल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. बालपणीच निवर्तलेल्या राजा या आपल्या पुत्राचे नाव त्यांनी या संग्रहालयाला दिले.

एवढे मोठे कार्य प्रत्येकाच्या हातून होणार नाही. पण माळ्यावरचा जुना हंडा मोडीत घालण्यापूर्वी आजीला त्याची हकिकत विचारणे आणि ती वहीत टिपून ठेवणे, हे शाळेतील मुलालाही साधण्याजोगे आहे. मोडीत भांड्याचे वजन होते. त्याच्या आठवणींचे मोल तेथे कोणी करीत नाही. ते घरच्यांनीच करावयाचे असते.