निरुपयोगाचा उपयोग

रसायनशास्त्राचे २०२५ चे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी या तिघांना विभागून देण्यात आले. धातूंचे आयन आणि सेंद्रिय रेणू यांची सांधणी करून आतून पोकळ असे स्फटिक घडविण्याची विद्या त्यांनी उभी केली. अशा एका स्फटिकाच्या अवघ्या दोन-चार ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढे पृष्ठफळ सामावते, हे वाचून आपण थक्क होतो आणि लगेच नेहमीचा प्रश्न विचारतो : याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. परंतु तो केव्हा विचारावा याचे तारतम्य सुटले, तर उपयोगी ठरू शकणारी विद्या अंकुरावस्थेतच खुडली जाते.

उपयोगाचे एकच उदाहरण घेऊ. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग खेळतात, ते कोणत्याही रंगद्रव्याचे नसतात. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग उठावदार करतात, तर काही मावळवितात. कोणता रंग दिसेल हे थराची जाडी आणि त्याचा अपवर्तनांक यांवर ठरते. आता हा थरच सच्छिद्र असेल तर? छिद्रे रिकामी असताना अपवर्तनांक कमी असतो. एखादी वाफ आत शिरली की तो वाढतो आणि थराचा रंग पालटतो.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ग्वांग लू आणि जोसेफ हप यांनी २०१० साली नेमके हेच करून दाखविले. जस्ताचा क्षार आणि मिथाइल इमिडॅझोल यांच्या मिथेनॉलमधील द्रावणात काच पुन्हा पुन्हा बुडवून त्यांनी ‘झिफ-८’ नावाच्या पदार्थाचा, जास्तीत जास्त सुमारे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, पापुद्रा चढविला. त्यासाठी भट्टी लागली नाही; खोलीतील तापमान पुरले. हा पापुद्रा प्रोपेनसारखा वायू ओळखतो. सरळ साखळीच्या हेक्झेनला तो आत घेतो, वलयाकार सायक्लोहेक्झेनला मात्र दारातच अडवितो. कारण त्याची छिद्रे अतिशय अरुंद आहेत. म्हणजे हा रंग केवळ शोभेचा नव्हे, आत कोण आले याची वर्दी देणारा आहे. दमट, धुळकट हवेत दीर्घकाळ टिकणे आणि अत्यल्प वायूही हेरणे या परीक्षा अशा थरांसाठी सोप्या नाहीत, हे खरे; पण वायुगळतीची सूचना देणाऱ्या साधनांचे मोल १९८४ चे भोपाळ अनुभवलेल्या देशाला वेगळे सांगायला नको.

आता या पापुद्र्याची वंशावळ पाहा. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांना रेणूंची रचना शिकविण्यासाठी लाकडी गोळ्यांना भोके पाडून घेताना रॉब्सन यांना मूळ कल्पना सुचली. तिच्यावर आधारलेला स्फटिक १९८९ साली प्रसिद्ध झाला, तोही सहज ढासळणारा. जपानमध्ये कितागावा यांनी अनुदान मागितले, तेव्हा त्यांच्या कामात काही प्रयोजन आहे असे अनुदान देणाऱ्यांना वाटले नाही. ‘निरुपयोगी वस्तूचा उपयोग’ पाहावा, हे प्राचीन चिनी विचारवंत च्वांग त्सू याचे सूत्र उराशी धरून ते काम करीत राहिले. १९९७ साली त्यांच्या स्फटिकाने वायू आत घेऊन पुन्हा सोडून दाखविला. १९९९ साली याघी यांनी रिकामा असतानाही ३०० अंश सेल्सिअस तापमानात न ढासळणारा सांगाडा घडविला. लाकडी गोळ्यांपासून रंग पालटणाऱ्या पापुद्र्यापर्यंत ३६ वर्षे गेली. एवढा काळ थांबण्याची तयारी कोणता कारखानदार दाखवील?

त्याने ती दाखवावी अशी अपेक्षाही गैर आहे. मूलभूत ज्ञान हे अर्थशास्त्राच्या भाषेत सार्वजनिक हिताची वस्तू आहे. रॉब्सन यांच्या कल्पनेवर जगभरच्या प्रयोगशाळांनी इमले चढविले. तिच्यावर कुंपण घालून भाडे वसूल करणे शक्य नव्हते. ज्याचा लाभ सर्वांना आणि खर्च मात्र एकाला, अशा कामात खाजगी भांडवल कमीच उतरते. म्हणून तेथे सरकारने उतरावयाचे असते.

आपल्याकडे चित्र काय आहे? २०२०-२१ साली संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या, तर दक्षिण कोरियात चार टक्क्यांच्या वर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नवोपक्रम यांसाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती स्वागतार्ह आहे. परंतु तिचा रोख खाजगी क्षेत्राला अल्प व्याजाचे किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे वित्त पुरविण्यावर आहे, आणि तंत्रज्ञानाच्या सिद्धतेच्या नऊ पायऱ्यांपैकी किमान चौथी गाठलेले प्रकल्पच तिला पात्र आहेत. लाकडी गोळे पहिल्या पायरीवर तरी होते काय, याचीच शंका आहे.

गरीब देशाला जिज्ञासेची चैन परवडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. वस्तुतः संशोधनाचा आरंभीचा टप्पाच अनेकदा सर्वांत स्वस्त असतो. जस्ताचा क्षार, मिथेनॉल आणि काचेची पट्टी ही सामग्री तालुक्याच्या महाविद्यालयालाही परवडेल. महाग असतात ती मोजमापाची यंत्रे. ती विद्यापीठात सर्वांना खुली ठेवता येतील. मुख्य उणीव आहे ती सलग पाठबळाची : प्रयोगशाळेच्या खर्चात कपात न होण्याची, संशोधक विद्यार्थ्याला पाठ्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला मिळण्याची. वरच्या पायऱ्यांसाठी कर्ज उभारताना खालच्या पायऱ्यांसाठी अनुदानाचा निश्चित वाटा सरकारने राखून ठेवला पाहिजे. पहिली पायरी दुसऱ्यांच्या देशात बांधली गेली, तर चौथ्या पायरीवर आपण उभे राहू ते त्यांचे भाडेकरू म्हणूनच.